प्रार्थनेच्या यादीतलं माझं नाव

माझ्या पप्पांना दमा होता, असं आम्ही पंधरा वर्षं लोकांना सांगितलं. ते खोटं होतं. पप्पांना टीबी होता.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत ते रंगाच्या कंपनीत कामाला होते. घरी यायचे तेव्हा नखांच्या कडा कधी निळ्या, कधी जांभळ्या. आम्ही कल्याण पूर्वेला चाळीत राहायचो. एक खोली, मध्ये आईच्या जुन्या साडीचा पडदा. पडद्याच्या पलीकडे पप्पा खोकायचे आणि अलीकडे मी भूमितीची प्रमेयं पाठ करायचे. शेजारीण दारातून विचारायची, "काय हो, बरं नाही का त्यांना?" आई पोळी उलटता उलटता सांगायची, "दमा आहे. थंडी सोसत नाही."

सरकारी केंद्रात गोळ्या फुकट मिळत होत्या. पण तिथल्या रांगेत कंपनीतलं कुणी दिसलं तर? आमच्या चर्चच्या मंडळीतलं कुणी दिसलं तर? पप्पांनी दोन महिने गोळ्या घेतल्या. खोकला थांबला, अंगावर थोडं मांस चढलं, तेव्हा म्हणाले, "झालो बरा," आणि रांग सोडली. पुढच्या वर्षी ते गेले. मी आठवीत होते.

मग आई स्वयंपाकाला जायला लागली. डोंबिवलीत एकाच बिल्डिंगमध्ये तीन घरं. माझं शिक्षण त्या तीन घरांच्या पोळ्यांवर झालं. मी बी.ए. झाले, आणि नुसती पास नाही, फर्स्ट क्लास. आमचं मूळ गाव नगरकडचं. तिथल्या आणि इथल्या मिळून आमच्या सगळ्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पदवीचं सर्टिफिकेट मी फ्रेम करून घेतलं आणि बायबलच्या वचनाच्या कॅलेंडरच्या वरच्या खिळ्याला लावलं. आमचे पाळकसाहेब घरी आले तेव्हा म्हणाले, "करुणा, ते थोडं खाली लाव. वचन वर असावं." मी कॅलेंडर वर सरकवलं. सर्टिफिकेट खाली आणलं नाही.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढचं मी रागाने लिहिते आहे. शांत झाल्यावर लिही, असं मला दोघातिघांनी सुचवलं. शांत झाले असते तर लिहिलंच नसतं.

नौपाड्यातला रुमाल

मी ठाण्याला नौपाड्यात चष्म्याच्या दुकानात काम करते. ग्राहकाच्या डोळ्यांवर तपासणीची फ्रेम चढवायची, भिंग बदलत जायचं आणि विचारायचं, "आता दिसतंय? आणि आता?" हे काम मला आवडतं. खालची बारीक ओळ म्हाताऱ्या माणसाने अडखळत वाचली की मला आतून बरं वाटतं.

तीन आठवडे खोकला होता. वातावरण खराब आहे, एसीचा त्रास असेल, असं म्हणत मी औषधाच्या दुकानातून बाटल्या आणून पीत होते. शिकलेली बाई, तरी बाटल्याच. एका सकाळी एका आजोबांच्या नाकावर फ्रेम ठेवताना ढास लागली. मी रुमाल तोंडाला धरला आणि मागच्या खोलीत गेले. रुमालावर लाल ठिपका होता, कुंकवाएवढा.

एक्स-रे झाला, बेडका तपासला. दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यातली डॉक्टर, माझ्याच वयाची मुलगी, मास्क लावून समोर बसली आणि म्हणाली, "टीबी आहे. बरा होतो. सहा महिने गोळ्या. एकही दिवस चुकवायची नाही." मग फॉर्म भरताना विचारलं, "घरात आधी कुणाला झालेला?"

मी सवयीने म्हणाले, "पप्पांना दमा..."

तिने पेन थांबवलं. मी मान हलवली. आणि म्हणाले, "नाही. टीबीच होता. त्यांनी गोळ्या अर्ध्यावर सोडल्या."

पंधरा वर्षांत ते पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडलं होतं. रडू आजाराचं आलं नाही, त्या वाक्याचं आलं.

रक्त पडत होतं म्हणून मला आठ दिवस दाखल करून घेणार होते. निघायच्या आधी मी एक काम केलं. सुशीलामावशीकडे गेले. ती माझी सख्खी मावशी नव्हे. आमच्या मंडळीतली, भगिनी मंडळाची प्रमुख. पप्पा गेले तेव्हा आमच्या घरात पहिला विस्तव तिने पेटवला होता. मी तिच्या दारात बाहेरच उभी राहून, मास्क न काढता, तिला खरं सांगितलं. पप्पांसारखं लपवायचं नाही, हे मी ठरवलं होतं. आणि जाता जाता आमच्या सवयीप्रमाणे म्हणाले, "प्रार्थनेत ठेव, मावशी."

हे शब्द आम्ही कशालाही वापरतो. परीक्षा असो, नोकरीची मुलाखत असो, नाहीतर मिक्सर बिघडलेला असो.

एकेचाळीस जोडलेले हात

दाखल झाल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात माझा मोबाइल वाजला. मंडळीचा 'प्रार्थना साखळी' नावाचा ग्रुप आहे, अठ्ठावन्न जणांचा. त्यात मीही आहे. हे बहुतेक मावशी विसरली असावी. मेसेज असा होता:

"सलाम. आपली करुणा हिला फुप्फुसाचा टीबी झाला आहे, रक्त पडते, संसर्गाचा आहे, दवाखान्यात आहे. तिच्या वडिलांनाही हेच होते. तिची आई डोंबिवलीला तीन घरी स्वयंपाक करते, तिचेही रक्षण व्हावे व तिचे काम टिकावे म्हणून सर्वांनी कळकळीने प्रार्थना करा."

खाली जोडलेल्या हातांची चित्रं पडायला लागली. मी मोजली. एकेचाळीस.

माझा एक्स-रे, माझं रक्त, पंधरा वर्षं झाकलेला माझा बाप आणि माझ्या आईच्या पोटाचा पत्ता, सगळं एका विनंतीत. वर कळकळीने.

शेजारच्या खाटेवर जनाबाय होती. कळव्याच्या खाडीकाठच्या जुन्या गावातली, सत्तरीची, मिठागरात काम करून हातांच्या भेगा पांढऱ्या पडलेली. तिने विचारलं, "काय गो बाय, मोबाइल बगून कोन रडतं?"

मी तिला वाचून दाखवलं.

"ही कोनची मानसा?"

"आमच्या चर्चची."

"येवरी एकेचाळीस मानसा देवाला सांगतान. मंग तुला बगाला कोन आला?"

आठ दिवसांत त्यांच्यातले दोघं आले. एक पाळकसाहेब, दारातूनच हात वर करून प्रार्थना करून गेले. दुसरे दानिएलकाका, मंडळीतले निवृत्त मोटरमन, उकडलेली अंडी आणि मीठमिरचीची पुडी घेऊन. बाकीच्यांनी वरच्या वर, थेट स्वर्गात, माझी चौकशी केली.

मी आजारी होतो, तुम्ही माझ्या समाचाराला आलात का, असं शेवटच्या दिवशी येशू विचारणार आहे. रविवारच्या शाळेत मी हे मुलांना अभिनय करून शिकवते. एक मुलगा आजारी पडतो, एक मुलगी डबा घेऊन येते. त्या गोष्टीत मोबाइल कुणाच्याच हातात नसतो.

दवाखान्याचं सांगण्यासारखं फार नाही. पहाटे थर्मामीटर, मग गोळ्यांचा मूठभर ढीग, मग पोटात ढवळणं. लघवी नारिंगी होते. कुणी सांगितलं नाही तर जीव घाबरतो, म्हणून इथे सांगून ठेवते. घाबरू नका, तो गोळीचा रंग आहे. खिडक्या सताड उघड्या, त्यामुळे वॉर्डात कबुतरं. जनाबाय त्यांना शिव्या घालायची आणि स्वतःच्या पावातला तुकडाही घालायची. मी जेवले नाही की मला म्हणायची, "खा गो. तुजा देव भाकरी वाढतो ना हजारांना? तू एक चपाती संपव." पाच भाकरींत पाच हजार जेवल्याची येशूची ही गोष्ट तिला मीच सांगितली होती. तिने ती माझ्यावर उलटवली आणि मी चपाती संपवली.

आईची दोन घरं

मी घरी आले त्या आठवड्यात आईची दोन घरं गेली.

आई जायची त्याच बिल्डिंगमध्ये आमच्या मंडळीतली एक बाई मुलं सांभाळते. तिने प्रार्थनेच्या भावनेने तिच्या मॅडमना सांगितलं, त्या मॅडमनी लिफ्टमध्ये दुसऱ्या मॅडमना. पहिल्या घरी आईला दारातच सांगितलं, "तुम्ही काही दिवस येऊ नका हं. आमच्याकडे लहान बाळ आहे." बाळ आहे म्हटल्यावर आई काय बोलणार? दुसऱ्या घरी आईने बारा वर्षं पोळ्या केल्या होत्या. तिथे तर दारही उघडलं नाही. आईची पोळपाट-लाटणं वेगळी होती, तिच्या हाताला बसलेली. ती पिशवीत घालून वॉचमनकडे ठेवली होती.

आईची तपासणी झाली होती. तिला काही नव्हतं. रिपोर्ट तिच्या पर्समध्ये होता. तो कुणी मागितलाच नाही.

मला त्या मॅडमचा राग नाही असं मी म्हणणार नाही. आहे. पण त्या घाबरल्या, आणि त्यांना माझ्यासारख्या आजाऱ्याबद्दल येशूने काही शिकवलेलं नव्हतं. आम्हाला शिकवलेलं होतं.

मी आईला म्हणाले, "मी मावशीकडे जाणार आहे."

"अजिबात नाही," आई म्हणाली. "आगं, तिने आपलं किती केलंय. क्षमा कर. साताच्या सत्तर वेळा करायला सांगितलंय."

"करीन. सत्तर वेळा करीन. पण कशाची करतेय ते तिला कळू दे ना."

"लई शिकलीस," आई म्हणाली. आमच्याकडे हे कौतुकही असतं आणि शिवीही. ती कुठल्या अर्थाने म्हणाली ते मी विचारलं नाही.

मग मी शास्त्र, आमचं बायबल, उघडलं. भक्तीने नाही, भांडणासाठी पुरावा शोधायला. आणि सापडला. सत्तर वेळा क्षमा जिथे आहे, त्याच्या जरा वर, त्याच पानावर, येशूने भांडणाची रीत सांगितली आहे. तुझ्या भावाने तुझं वाईट केलं तर त्याच्याकडे एकटा जा आणि तोंडावर सांग. ऐकलं नाही तर आणखी एकदोघांना बरोबर घे. तरी नाही ऐकलं तर मंडळीपुढे बोल.

इतकं साफ. मी चर्चमध्येच वाढले, पण यावर प्रवचन ऐकल्याचं मला आठवत नाही. कॅलेंडरवर मेंढराच्या चित्राखाली हे वचन कुणी छापत नाही. आम्ही उलटं करतो. आधी मंडळीला सांगतो, मग एकदोघांना, आणि ज्याचं आहे त्याला कधीच नाही.

मी ठरवलं, रीतीने जायचं.

कागदी कप

दोन महिने गोळ्या झाल्यावर बेडका पुन्हा तपासला. साफ. आता माझ्यापासून कुणाला धोका नाही, असं डॉक्टरने लिहून दिलं. तो कागद घेऊन मी सुशीलामावशीकडे एकटी गेले.

मावशीने बसवलं, चहा ठेवला. तिच्या घरी मी लहानपणी तिच्या ताटातलं खाल्लंय. तिने स्वतःचा चहा कपबशीत घेतला आणि माझा कागदी कपात दिला. लग्नाच्या पंगतीनंतर उरलेला, कडेला सोनेरी पट्टी असलेला कप.

मी कप खाली ठेवला. "मावशी, तू ग्रुपवर लिहिलंस त्यामुळे आईची दोन घरं गेली."

"मी तर प्रार्थनाच मागितली गं. तूच म्हणालीस, प्रार्थनेत ठेव."

"म्हणाले. माझी चूक ती. पण प्रार्थनेत फक्त माझं नाव घे, एवढाच अर्थ होता. आजार, पप्पा, आईची तीन घरं हे सगळं देवाला माहीत नव्हतं का?"

"देवाला माहीत असतं. माणसांना सांगितल्याशिवाय ती कळकळीने मागत नाहीत."

"मग कळकळीने मागून काय मिळालं? काम टिकावं म्हणून लिहिलंस आणि त्यानेच काम गेलं."

तिचे डोळे भरले. "हा सैतान आहे करुणा. आपल्यात फूट पाडतोय."

"सैतान नाही मावशी. तू आहेस."

हे मला बोलता आलं याचा मला आजही अभिमान आहे. तिने उठून दार उघडून धरलं. मी उतरताना मागे वळून पाहिलं तर ती कागदी कप दोन बोटांनी उचलत होती.

एकदोघं

दुसऱ्या खेपेला मी दानिएलकाकांना घेतलं. ते म्हणाले, "तू पास दाखव, मी गाडी सोडतो," म्हणजे शास्त्रात असेल तर येतो. मी पान दाखवलं. आले.

आणि दुसरी साक्षीदार म्हणून मी वैशालीताईंना घेतलं. त्या आरोग्य केंद्रातून घरोघरी टीबीच्या रुग्णांना भेटायच्या. गळ्यात कार्ड, हातात वही, गुडघेदुखी आणि तरी चार मजले चढायच्या. रोज मला फोन करायच्या, "घेतल्या का गोळ्या? जेवून की उपाशी? खोटं सांगू नका, मी शंभर जणींचं खोटं ऐकलेलं आहे." त्या दर गुरुवारी दत्ताचा उपास करतात. साक्षीदार आपल्याच मंडळीचा हवा, असं येशूने कुठे म्हटलं आहे?

मावशीला तेच लागलं. "आपल्या घरातल्या गोष्टीत बाहेरची बाई कशाला?"

वैशालीताई म्हणाल्या, "बाहेरची मी नाही हो. बातमी बाहेर गेली." मग त्यांनी वही मिटून नीट समजावलं. या मुलीची तपासणी साफ आहे. आईला आजार नाही, कधीच नव्हता. ताटवाटीने टीबी होत नाही. "तुम्हाला हे माहीत होतं?"

"मला काय माहीत? मी सातवी शिकलेली."

"माहीत नव्हतं तर लिहिलंत कशाला?"

दानिएलकाका पुढे झाले. हळू म्हणाले, "सुशीला, चूक झाली म्हण. एवढंच आहे."

मावशी पदराने मान पुसत म्हणाली, "मी ज्याच्यापुढे गुडघे टेकते त्यालाच उत्तर देईन." आणि आत गेली.

जिन्यात काका म्हणाले, "आता सिग्नल लाल आहे, बाळा. थांबायचं की जायचं?"

"रीत तीन पायऱ्यांची आहे, काका."

मधल्या चार महिन्यांचं काय सांगू. गुडघे दुखायचे, तोंडाला चव नसायची. माझ्या दुकानाच्या मालकांनी, ते नौपाड्याचे जुने रहिवासी, मला फोनवर फक्त एवढंच सांगितलं, "करुणाताई, पूर्ण बऱ्या झाल्याशिवाय घाई करू नका. आपली जागा आपलीच आहे." तिसऱ्या महिन्यात मी कामावर परत गेले. चर्चमध्ये मात्र माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहायच्या. रविवारच्या शाळेचा माझा वर्ग पाळकबाईंनी "तुला विश्रांती हवी" म्हणून काढून घेतला. मी विश्रांती मागितली नव्हती. आई राहिलेल्या एका घरी जायची आणि उरलेल्या वेळात बसून असायची. बसून असलेली आई मी कधी पाहिली नव्हती. आजारापेक्षा ते बघणं मला जड गेलं. एक दिवस मी तिला म्हणाले, "आज गोळी नको वाटते." तिने हातातलं निवडणं ठेवलं, माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुझा बापही असंच म्हणाला होता." मी गोळी घेतली. असे दिवस आणखी आले. गोळी मात्र एकदाही चुकली नाही.

साक्ष

सहा महिने पूर्ण झाले. शेवटची तपासणी साफ. पाळकसाहेब आनंदाने म्हणाले, "रविवारी साक्ष दे."

आमच्यात साक्षीची चाल ठरलेली असते. मी अशी होते, वैद्यांनी हात टेकले, प्रभूने हात लावला, आता मी अशी आहे. सगळे आमेन म्हणतात आणि पेटी वाजते. मी उभी राहिले. आमच्या रीतीने सलाम केला. म्हणाले, "मला टीबी झाला होता, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, कारण ग्रुपवर आलं होतं. माझ्या पप्पांनाही टीबी होता. आम्ही तुम्हाला दमा सांगितलं. ते खोटं होतं. त्याबद्दल मी मंडळीची क्षमा मागते."

पुढच्या रांगेतून कुणीतरी आमेन म्हणालं. लवकर म्हणालं.

"मी बरी झाले, कारण देवाने कृपा केली, सरकारने गोळ्या दिल्या, माझ्या आईने रोज अंडं उकडलं आणि वैशालीताईंनी मला रोज फोन केला. त्या गुरुवारचा दत्ताचा उपास करतात. एकेचाळीस जणांनी हात जोडले त्यांचे उपकार. दवाखान्यात दोन माणसं आली त्यांचे जास्त."

आता आमेन नव्हतं.

"त्या प्रार्थनेने माझ्या आईची दोन घरं गेली. मी त्या बहिणीकडे एकटी गेले. मग दोघांना घेऊन गेले. येशूने सांगितलंय तिसऱ्यांदा मंडळीपुढे, म्हणून इथे उभी आहे. नाव घेत नाही, नाव घेतल्याने काय होतं ते मी भोगलंय. मी क्षमा केली आहे. पण क्षमेने आईच्या हातात लाटणं येत नाही. ज्याने मोडलं त्याने जाऊन जोडावं. एवढंच माझं मागणं आहे."

पाळकसाहेबांनी पेटीवाल्याकडे पाहिलं. पेटीवाल्याने पेटीकडे. सुशीलामावशी दुसऱ्या रांगेतून उठली, पदर सावरला आणि बाहेर निघून गेली. घरी जाताना आई माझ्या दहा पावलं पुढे चालत राहिली. मला वाटलं, संपलं. मी रीत पाळली आणि माझ्या आईचं एकमेव जवळचं माणूस, मावशी, घालवलं.

मंगळवारी सकाळी मावशी आमच्या दारात आली. चप्पल काढली नाही, आत आली नाही. आईला म्हणाली, "चल. कुठली बिल्डिंग?"

आईने पर्स उचलली. मी मध्ये उभी होते. मावशी माझ्याकडे न बघता बोलली, "तुझ्या बापाला काय झालं होतं ते मला तेव्हाच कळलं होतं. मी कुणाला बोलले? झाकलं तुमच्यासाठी. आणि काय झालं? गेला माणूस. या वेळी म्हटलं झाकायचं नाही. सगळ्यांना कळलं की पोरगी गोळ्या सोडणार नाही."

  मी म्हणाले, "मग मला विचारून सांगायचंस, मावशी."

"हो," ती म्हणाली. "विचारायचं होतं."

सहा महिन्यांत मला एवढंच हवं होतं. तिने पुढे जोडलंच, "पण तुला गर्व फार आहे." मी म्हणाले, "आहे." आईने आम्हा दोघींना बाजूला केलं आणि जिना उतरायला लागली.

तिथे काय झालं ते आईने सांगितलं. लहान बाळाच्या घरी दुसरी बाई ठेवली होती, ते गेलं ते गेलंच. बारा वर्षांच्या घराचं दार मावशीने तीनदा वाजवलं. उघडल्यावर म्हणाली, "हिला काही आजार नाही, हा कागद बघा. मी न विचारता लिहिलं, चूक माझी. शिक्षा हिला देऊ नका." मॅडम बराच वेळ कागद वाचत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्या पोळ्या तेव्हापासून वातड होतायत." आई हसली नाही. आई म्हणाली, "उद्या येते. पण लाटणं वॉचमनकडे ठेवायचं नाही."

माझा राग पूर्ण गेला नाही. अजूनही आमच्यातले लोक आजारी माणसाच्या नावाने आधी मोबाइल उघडतात आणि मग दार. हे कुणाच्या शिकवणीत बसतं ते मला कुणी दाखवून द्यावं. ज्यांच्या हातात आज गोळ्यांची पहिली पट्टी आली आहे त्यांना मी एवढंच सांगेन, लपवू नका. पण कुणाला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, आणि कुणी तुमच्या वतीने ठरवलं तर त्याच्या दारात जाऊन उभे राहा. एकटे आधी.

मी सहा महिन्यांच्या गोळ्या एकही दिवस न चुकवता पूर्ण केल्या. मी बरी आहे. आई त्या बारा वर्षांच्या घरी पुन्हा पोळ्या करते. रविवारचा माझा वर्ग मला परत मिळाला. मंडळीच्या प्रार्थनेच्या यादीत आता आजाऱ्याचं नाव त्याला विचारल्याशिवाय जात नाही, आणि जो नाव देतो त्याने आधी त्या घरी जाऊन यायचं असतं; यादी सुशीलामावशीच सांभाळते. आणि पप्पांना काय झालं होतं, असं कुणी विचारलं तर आई पोळी उलटता उलटता सांगते, टीबी होता.